पाणी का उकळते? : बाष्पदाबाचा एक अभ्यास

२० मार्च १९२७ रोजी महाड येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि हजारो अनुयायांसह पाण्यावरील मनुष्यमात्राचा हक्क बजावला. तो हक्क आपल्या पूर्वजांनी मिळवून दिला म्हणून आज आपल्या विद्यालयाच्या नळावर आपली मुले निर्धास्तपणे ओंजळ धरतात. परंतु पाण्याला स्पर्श करण्याच्या हक्कापाठोपाठ आणखी एक हक्क येतो, तो पाणी समजून घेण्याचा. हा हक्क कोणी हिरावून घेत नाही. आपणच तो न वापरता ठेवतो. प्रस्तुत लेखात आम्ही पाण्याविषयीचा एकच साधा प्रश्न घेणार आहोत : पाणी उकळते म्हणजे नेमके काय होते?

आम्ही इतिहासाचे अध्यापक. पदार्थविज्ञान हा आमचा विषय नव्हे. तथापि विज्ञानालाही इतिहास असतो आणि या प्रश्नाच्या इतिहासात दोन शाळामास्तर आम्हांला भेटले. त्यांची ओळख विद्यार्थ्यांना, माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना करून द्यावी, आणि त्या निमित्ताने आपल्या समाजात आजही हात भाजून घेणाऱ्या एका समजुतीची तपासणी करावी, असा या लेखाचा हेतू आहे.

उकळण्यापूर्वीचे पाणी

दोरीवर वाळत घातलेले ओले लुगडे सावलीतही सुकते. माठातले पाणी दिवसागणिक कमी होते. यांपैकी कोणतेही पाणी उकळलेले नसते. म्हणजे पाण्याची वाफ होण्यासाठी उकळी फुटावीच लागते असे नाही. पाण्याचे अतिसूक्ष्म कण, ज्यांना आपण रेणू म्हणतो, सतत हालचाल करीत असतात. सर्वांची गती सारखी नसते. पृष्ठभागाजवळचे जे रेणू अधिक वेगवान असतात ते इतरांची ओढ तोडून हवेत निघून जातात. यालाच बाष्पीभवन म्हणतात. ते कोणत्याही तापमानाला चालते, परंतु केवळ पृष्ठभागावरून चालते.

आता तेच पाणी झाकण घट्ट बसवलेल्या भांड्यात अर्धे भरून ठेवले तर? रेणू बाहेर पडत राहतात, पण त्यांना जायला वाट नसते. पाण्यावरच्या मोकळ्या जागेत त्यांची गर्दी वाढते आणि त्यांपैकी काही पुन्हा पाण्यात परततात. एक वेळ अशी येते की जितके बाहेर पडतात तितकेच आत येतात. वरून पाहता सारे स्थिर दिसते, परंतु आत ये-जा अखंड चालू असते. या समतोलाच्या अवस्थेत वाफ भांड्याच्या भिंतींवर जो दाब देते, तो त्या तापमानाचा बाष्पदाब होय.

बाष्पदाब भांड्याच्या आकारावर किंवा पाणी किती आहे यावर अवलंबून नसतो. तो दोनच गोष्टींवर ठरतो : द्रव कोणता आहे आणि त्याचे तापमान किती आहे. शुद्ध पाण्याचा बाष्पदाब, पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीने मोजला असता, साधारणपणे असा भरतो :

२० अंश सेल्सिअसला १७.५ मिलिमीटर
४० अंशांना ५५ मिलिमीटर
६० अंशांना १४९ मिलिमीटर
८० अंशांना ३५५ मिलिमीटर
१०० अंशांना ७६० मिलिमीटर
१२० अंशांना सुमारे १,४९० मिलिमीटर

या आकड्यांकडे विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. तापमान प्रत्येक वेळी २० अंशांनीच वाढले आहे, पण दाबाची वाढ आधी अडतीस, मग चौऱ्याण्णव, मग दोनशे सहा, मग चारशे पाच अशी होत गेली आहे. उष्णता जसजशी वाढते तसतसे ओढ तोडू शकणाऱ्या रेणूंचे प्रमाण झपाट्याने वाढते, हे त्याचे कारण.

उकळीची अट

चुलीवर आधण ठेवले की प्रथम पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात. ही वाफ नव्हे. पाण्यात विरघळलेली हवा तापल्यामुळे बाहेर पडत असते. नंतर तळाशी वाफेचे बुडबुडे धरू लागतात, वर चढतात आणि वरच्या थोड्या थंड पाण्यात पोहोचताच मिटून जातात. आधण येण्यापूर्वी पातेल्यातून जो आवाज येतो तो या मिटणाऱ्या बुडबुड्यांचा. शेवटी अशी वेळ येते की बुडबुडे मिटत नाहीत, पृष्ठभागापर्यंत येऊन फुटतात आणि सगळे पाणी खळखळू लागते.

बुडबुडा आधी का मिटत होता आणि आता का टिकतो? आपल्या डोक्यावर हवेचा मोठा थर आहे आणि त्याचे वजन पाण्यावरही पडते. समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो. पाण्याच्या आत तयार झालेल्या बुडबुड्याला हा दाब चिरडू पाहतो. बुडबुड्यातील वाफेचा दाब त्याहून कमी असेल तर बुडबुडा मिटतो. त्याच्या बरोबरीला आला की टिकतो. वरची यादी पुन्हा पाहा. पाण्याचा बाष्पदाब ७६० ला केव्हा पोहोचतो? १०० अंशांना. म्हणून समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळते.

तेव्हा व्याख्या अशी : ज्या तापमानाला द्रवाचा बाष्पदाब बाहेरील दाबाइतका होतो, ते त्या द्रवाचे उत्कलनबिंदू होय. या व्याख्येत १०० हा आकडा कुठेही नाही. बाहेरचा दाब बदलला की उकळण्याचे तापमान बदलते आणि द्रव बदलला तरीही बदलते. समुद्रसपाटीच्या दाबाखाली ईथर सुमारे ३५ अंशांना उकळते, मद्यार्क ७८ अंशांना, तर पारा ३५७ अंशांना. ज्याचे रेणू एकमेकांना सैल धरून असतात त्याचा बाष्पदाब लवकर वाढतो, एवढाच याचा अर्थ.

विणकराच्या मुलाची पाराभरली नळी

हा बाष्पदाब मोजला कोणी? या कामात सर्वांत मोठा वाटा इंग्लंडच्या जॉन डाल्टन यांचा. त्यांचा जन्म १७६६ चा, कंबरलँडमधील एका खेड्यातला. वडील हातमागावर कापड विणीत. कुटुंब क्वेकर पंथाचे, म्हणजे राजमान्य चर्चचे मत न मानणारे. अशा लोकांना त्या काळी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या पदव्या मिळत नसत. ही अट कायद्याने दूर व्हायला १८७१ साल उजाडावे लागले. डाल्टन बाराव्या वर्षी गावातल्या मुलांना शिकवू लागले. पुढे केंडल या गावी क्वेकरांनी चालविलेल्या निवासी शाळेत ते शिक्षक झाले. विद्यापीठाने दार बंद केले, तेव्हा त्यांच्या समाजाने काढलेली शाळाच त्यांचे विद्यापीठ ठरली. निवासी शाळेच्या या स्मरणिकेत हे सांगताना आमचे मन भरून येते, ते का, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

डाल्टन यांची युक्ती साधी होती. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच पात्रात उलटी उभी केली, तर पारा सुमारे ७६० मिलिमीटरवर थांबतो आणि त्याच्या वर पोकळी राहते. टॉरिसेली यांचा हा प्रयोग १६४४ पासून युरोपात ठाऊक होता. डाल्टन यांनी त्या पोकळीत पाण्याचे थोडेसे थेंब सोडले. थेंब पाऱ्यावर तरंगले, त्यांची वाफ झाली आणि वाफेने पाऱ्याला खाली ढकलले. पारा जितका खाली उतरला तितका त्या तापमानाचा बाष्पदाब. नळीभोवती गरम पाणी ठेवून तापमान वाढवीत नेले की पारा उतरत जातो आणि १०० अंशांपाशी तो बाहेरील पात्राच्या पातळीला येऊन मिळतो. आतल्या वाफेचा दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब एक झाल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? १८०१ मध्ये त्यांनी मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे हे निष्कर्ष वाचले. पुढे अणुसिद्धान्तामुळे त्यांचे नाव जगभर झाले, पण हवामानाच्या नोंदी लिहिण्याचा त्यांचा रोजचा नेम १८४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत चुकला नाही.

ल्हासाची उंची पाण्याने सांगितली

दुसरे शाळामास्तर आपल्याच देशातले. नैनसिंह रावत यांचा जन्म १८३० च्या सुमाराचा, कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील मिलम गावचा. ते तेथील शाळेत शिक्षक होते. तिबेटात इंग्रजांना प्रवेश नव्हता, म्हणून सर्वेक्षण खात्याने त्यांना डेहराडून येथे मोजणीचे शिक्षण देऊन यात्रेकरूच्या वेषात पाठविले. त्यामागे साम्राज्याचे हितसंबंध होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. परंतु नैनसिंहांचे कौशल्य त्याने कमी ठरत नाही. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवून त्यांनी पावले मोजली. मंत्र लिहिलेल्या कागदाऐवजी प्रार्थनाचक्रात मोजणीच्या नोंदी लपविल्या. जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले.

पण डोंगर चढून गेलेल्या माणसाने उंची कशी मोजायची? यासाठी त्यांच्याजवळ तापमापक होता. पाणी उकळायचे आणि उकळत्या पाण्याचे तापमान पाहायचे. उंचीवर हवेचा थर कमी, म्हणून दाब कमी, म्हणून उकळी लवकर. ढोबळ मानाने दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू एक अंशाने खाली येतो. ल्हासाची उंची सुमारे ३,६५० मीटर आहे. तेथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते. महाबळेश्वरला ते साडेपंच्याण्णव अंशांच्या सुमारास, कळसूबाईच्या शिखरावर साडेचौऱ्याण्णव अंशांच्या सुमारास, तर एव्हरेस्टच्या माथ्यावर सुमारे ७१ अंशांना उकळेल. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने नैनसिंहांना सुवर्णपदक दिले.

भोजनगृहातील धडा

आमच्या सैन्यातील माजी विद्यार्थ्यांना ठाऊक असेल की लेहला उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. पाणी उकळते, पण ८८ अंशांनाच. आणि कितीही जाळ केला तरी त्याहून अधिक तापत नाही. अन्न शिजते ते उकळीने नव्हे, तापमानाने. ही गोष्ट उलटी केली की प्रेशर कुकर तयार होतो. फ्रान्सचे दनी पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनला असे घट्ट झाकणाचे भांडे दाखविले आणि ते फुटू नये म्हणून त्याला सुरक्षा झडपही बसविली. आपल्या कुकरच्या शिट्टीचे वजन आतील दाब बाहेरच्यापेक्षा साधारण दुप्पट होईपर्यंत वाफ अडवून धरते. वरच्या यादीत ७६० ची दुप्पट शोधा : उत्तर १२० अंशांपाशी येते. म्हणजे कुकरमधील पाणी १२० अंशांपर्यंत द्रवरूपच राहते आणि डाळ थोड्या वेळात मऊ होते. दवाखान्यात शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करणारे यंत्र याच तत्त्वावर चालते.

येथे माता-भगिनींसाठी एक उपयोगी हिशेब आहे. एक ग्रॅम पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ८० कॅलरी उष्णता लागते, आणि तेच पाणी १०० अंशांवर वाफेत पालटण्यास सुमारे ५४० कॅलरी, म्हणजे पावणेसात पट. आधण आल्यावर जाळ मोठा ठेवला तर पाणी अधिक तापत नाही, फक्त वाफ अधिक होते आणि सरपण किंवा गॅस हवेत जातो. उकळी फुटली की जाळ मंद करावा आणि झाकण ठेवावे.

पिण्याचे पाणी उकळण्याबाबतही हेच ज्ञान कामी येते. पटकी आणि विषमज्वराचे जंतू १०० अंशांच्या बरेच आधी मरतात. घरात तापमापक नसतो. खळखळून आलेली उकळी हाच तेवढे तापमान गाठल्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

तेलाची कढई आणि रवादिव्य

आता आम्ही ज्यासाठी हा सर्व खटाटोप केला त्या विषयाकडे येतो. जुन्या महाराष्ट्रात वतनाच्या तंट्यात किंवा चोरीच्या आळात सत्य ठरविण्यासाठी ‘दिव्य’ करण्याची रीत होती. त्यांतील एक रवादिव्य. कढत तेलातुपात धातूचा तुकडा टाकीत आणि आरोपीने तो हाताने काढायचा. मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करीत आणि काही दिवसांनी ती सोडून पाहत. हात भाजला नसेल तर तो खरा, भाजला असेल तर खोटा. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत यालाच तप्तमाष म्हटले आहे. हे केवळ जुन्या कागदांत राहिले असते तर आम्ही लिहिलेही नसते. परंतु जातपंचायतीच्या धाकाने स्त्रीला चारित्र्य सिद्ध करण्यासाठी उकळत्या तेलातून नाणे काढायला लावल्याच्या बातम्या या शतकातही आपल्या राज्यातून आल्या आहेत.

बाष्पदाबाच्या दृष्टीने ही कढई तपासू या. पाण्याला एक गुण आहे : ठरावीक जागी ते ठरावीक तापमानालाच उकळते, त्याहून वर जात नाही. तेलाला हा गुण नाही, कारण स्वयंपाकाचे तेल चुलीवर उकळतच नाही. त्याचे रेणू जड असतात. दोनशे अंशांनाही त्याचा बाष्पदाब नगण्य असतो. उत्कलनबिंदू गाठण्याआधीच ते धुरावते आणि जळू लागते. पुरी सोडल्यावर तेलात जे बुडबुडे उठतात ते तेलाचे नव्हेत; पुरीतल्या पाण्याची ती वाफ असते. तेव्हा तेल ‘उकळते आहे’ या दिसण्यावरून ते किती तापले हे कळतच नाही. ते ११० अंशांचे असू शकते, २१० अंशांचेही असू शकते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली : तेलाच्या तळाशी थोडे पाणी किंवा लिंबाचा रस असेल, तर तो तापून वाफ होऊ लागताच वरचे तेल फारसे तापण्यापूर्वीच खळखळताना दिसते. ‘उकळत्या’ तेलात हात घालून दाखविणाऱ्या बाबाचा चमत्कार तो हाच. हा प्रकार कोणीही करून पाहू नये. तापलेल्या तेलात पाणी पडले की ते उसळून अंगावर येते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तेलाचे तापमान जर ठरावीक नसेल, तर निकाल कोणाच्या हाती राहिला? जाळ घालणाऱ्याच्या. ज्याला वाचवायचे त्याच्यासाठी जाळ मंद आणि ज्याला बुडवायचे त्याच्यासाठी मोठा, हे करण्यास कोणतीही अडचण नव्हती, आणि ते पकडण्याचे साधनही नव्हते. कातडी किती भाजेल हे तापमान आणि वेळ यांवर ठरते. खरेपणा किंवा शील यांचा त्यात काडीचाही संबंध येत नाही.

भारतीय संविधानाने नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाचा समावेश केला आहे. अनुच्छेद ५१ क मधील हे कर्तव्य १९७६ च्या घटनादुरुस्तीने आले. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला. कायदे आवश्यकच आहेत. परंतु ज्या वस्तीत एका मुलीला तेल आणि पाणी यांच्या उकळीतील फरक समजावून सांगता येतो, तेथे पंचांच्या कढईचा दरारा कायद्याचा शिपाई पोहोचण्यापूर्वीच अर्धा ओसरलेला असतो.

करून पाहण्याचा प्रयोग

विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग अवश्य करावा. पाणी एकदा उकळून घ्यावे, म्हणजे त्यातील विरघळलेली हवा निघून जाईल. ते ६० ते ७० अंशांपर्यंत निवू द्यावे. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये थोडे पाणी ओढावे, आतली हवा बाहेर काढावी, तोंड बोटाने घट्ट बंद करावे आणि दट्ट्या जोराने मागे खेचावा. पाणी उकळू लागेल. दट्ट्या सोडताच उकळी थांबेल. जाळ नाही, चूल नाही, तरीही उकळी. कारण आतील दाब त्या तापमानाच्या बाष्पदाबाखाली उतरला.

कारणांची साखळी

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. कोणतीही घटना आपोआप घडत नाही आणि कोणा अदृश्य शक्तीच्या मर्जीनेही घडत नाही. कारणे जुळली की ती घडते आणि कारणे दूर झाली की थांबते. उकळी हे त्याचे रोज पातेल्यात दिसणारे उदाहरण आहे. तिचे कारण एकटी उष्णता नाही, एकटा दाबही नाही. दोहोंच्या जुळण्यातून ती फुटते. सिरिंजचा दट्ट्या ओढणारे मूल कारण बदलते आणि कार्य बदललेले पाहते. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश हाच होता की केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतात म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. तापमापक हे पारखण्याचे एक लहानसे साधन आहे.

म्हणून शेवटी एक विनंती. आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आज कोकणच्या किनाऱ्यापासून लेहपर्यंत नोकरीनिमित्त विखुरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावी पाणी उकळून त्याचे तापमान मोजावे आणि गावाचे नाव, उंची व आकडा विद्यालयाकडे लिहून पाठवावा. प्रयोगशाळेच्या भिंतीवर आपण त्यांचा तक्ता लावू. पुढच्या वर्षीची मुले तो तक्ता वाचून उंची आणि उकळी यांचे नाते स्वतःच शोधून काढतील; आणि आपल्या आधीच्या मुलामुलींनी ते मोजले होते, हेही त्यांना कळेल.

जय भीम! नमो बुद्धाय!